एड्सॅकवरील उपआज्ञावलींचा संग्रह

केंब्रिज विद्यापीठाच्या एड्सॅक या गणकयंत्रावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. लवकरच मॉरिस विल्क्स यांच्या ध्यानी आले की, स्वतःच्या आज्ञावलींतील चुका शोधण्यातच आयुष्याचा बराचसा काळ खर्ची पडणार. वर्गमूळ काढणे किंवा उत्तर छापणे यांसाठी प्रत्येकाने त्याच चुका नव्याने का कराव्यात? म्हणून पडताळून पाहिलेल्या उपआज्ञावली छिद्रित कागदी फितींवर जतन करण्यात आल्या. हवी त्या फितीची यांत्रिक नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावयाची, अशी पद्धती पडली.

परंतु नुसत्या नकलेने भागत नव्हते. उपआज्ञावली दर वेळी स्मृतिकोशात निराळ्या स्थानी बसणार, आणि तिच्यातील पत्ते मात्र ठराविक! ही अडचण डेव्हिड व्हीलर यांच्या प्रारंभिक आज्ञांनी दूर केली. पत्ते उपआज्ञावलीच्या आरंभापासून मोजून लिहावयाचे. त्यांत आरंभस्थान मिळविण्याचे काम फीत वाचली जात असता आपोआप होई. संग्रहाचे खरे मर्म या युक्तीत आहे, फितींच्या संख्येत नव्हे.

१९५१ पर्यंत संग्रहात ८७ उपआज्ञावली जमल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यांची वर्णने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. उपआज्ञावली कोणते कार्य करते, किती जागा व्यापते, हे तीत नमूद असल्याने वापरणाऱ्यास तिच्या अंतरंगात शिरण्याचे कारण उरले नाही.