तुळस वाळली, ती पायगुणाने नाही



गेल्या पौषातली गोष्ट. एका गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, सह्या झाल्या, तरी एक नवी सून कोपऱ्यात गप्पच बसून होती. विचारलं तर डोळ्यांत पाणी. तुळशीचं लग्न लागल्यावर महिन्याभरात दारची तुळस वाळली आणि घरात बोलणं सुरू झालं, "हिचा पायगुणच असा."

बैठक संपल्यावर आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो. कुंडीतली माती उकरून बघितली, तर आत नुसता चिखल! मुळं काळी पडून कुजलेली. घरातली पाच माणसं रोज सकाळी एकेक तांब्या ओतत होती आणि कुंडीचं भोक मातीने बुजलेलं. मग तुळस जगणार कशी?

तुळस मूळची उष्ण हवेतली. थंडीत तिची वाढ मंदावते, पाणी कमी लागतं. म्हणून एवढं करा:

१. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही सकाळी ऊन आल्यावर. रोजची पूजा असेल तर पळीभर पाणी पुरे. घरात एकीनेच पाणी घालायचं ठरवा.

२. कुंडीचं भोक काडीने मोकळं करा. खाली दोन विटा ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल.

३. लग्नाचा ऊस कुंडीत खोचू नका, मुळं तुटतात. बाहेर बांधा. दूध-साखर मातीत ओतू नका, मुंग्या लागतात. दिवा फांद्यांपासून लांब ठेवा.

४. मंजिऱ्या आल्या की खुडा. नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते आणि पानं बारीक होतात. दोन-चार मंजिऱ्या मात्र बियांसाठी राखा.

५. दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळू द्या. कडाक्याच्या थंडीत रात्री जुनं लुगडं किंवा गोणपाट टाका, सकाळी आठवणीने काढा.

पानं गळली म्हणून झाड लगेच उपटू नका हं. खोड नखाने जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. वाळलेल्या फांद्या छाटा, पाणी कमी करा, थंडी सरली की फूट येईल.

त्या ताईची तुळस काही वाचली नाही. पण वाळक्या मंजिऱ्या चोळून बी काढलं आणि फाल्गुनात पेरलं. रोपं वर आली तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "आता पाणी सूनच घालील."

तर बायांनो, झाड वाळलं तर आधी माती बघा. सुनेचा पायगुण, विटाळ असलं काही काढू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने मूठभर वाळक्या मंजिऱ्या आणा. बी सगळ्याजणी वाटून घेऊ.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक