एंडपॉइंट सुरक्षेचा परवाना : मोजणी आणि निवड

नेटवर्कच्या टोकाला असलेले प्रत्येक उपकरण म्हणजे एंडपॉइंट. डेस्कटॉप, लॅपटॉप आणि सर्व्हर हे सर्व त्यात येतात. या घटकात आपण व्यवसायासाठी सुरक्षा सॉफ्टवेअरचे परवाने कसे मोजायचे व निवडायचे ते पाहू.

१. एकही संगणक का सुटू नये?

२७ जून २०१७ रोजी नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया येथील काम विस्कळीत झाले. हे टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जाळ्यात ‘नॉटपेट्या’ हा मालवेअर शिरला होता. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तरीही पॅच केलेले संगणक सुटले नाहीत. कारण एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरून नॉटपेट्या शेजारच्या संगणकात शिरत असे. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले.

म्हणजेच पैसे वाचवण्यासाठी दोन-तीन संगणक परवान्याबाहेर ठेवले, तर धोका फक्त त्या संगणकांपुरता राहत नाही.

२. परवान्याचे प्रकार

अ) उपकरणनिहाय : जितकी उपकरणे, तितके परवाने. माणसे किती हे पाहिले जात नाही.
आ) वापरकर्तानिहाय : जितकी माणसे, तितके परवाने. उदाहरणार्थ, ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फॉर बिझनेस’मध्ये एका वापरकर्त्याला पाच उपकरणांपर्यंत मुभा असते. हे उत्पादन ३०० वापरकर्त्यांपर्यंतच्या संस्थांसाठी आहे.
इ) सर्व्हर परवाना : अनेक उत्पादनांत तो वेगळा घ्यावा लागतो. वर उल्लेखलेल्या उत्पादनातही तसेच आहे. सर्वसाधारणपणे प्रत्येक आभासी मशीन हा स्वतंत्र एंडपॉइंट धरला जातो.

३. सोडवलेले उदाहरण

समजा, भिलाईत पोलाद कारखान्याला सुटे भाग पुरवणारा एक लघुउद्योग आहे. कार्यालयात १४ कर्मचारी व १४ डेस्कटॉप आहेत. त्यांपैकी चौघांकडे लॅपटॉपही आहेत. शॉप फ्लोअरवर ६ संगणक असून तीन पाळ्यांत १८ ऑपरेटर ते वापरतात. शिवाय एका विंडोज सर्व्हरवर ३ आभासी मशीन चालतात.

उपकरणनिहाय : १४ + ४ + ६ = २४
वापरकर्तानिहाय : १४ + १८ = ३२
सर्व्हर (दोन्ही पद्धतींत) : १ + ३ = ४

परवान्यांचे दर सारखे धरले, तर येथे उपकरणनिहाय पद्धत स्वस्त पडते, कारण एकच संगणक अनेक जण वापरतात. याउलट १० जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रत्येकाकडे ३ उपकरणे असतील, तर ३० ऐवजी १० परवान्यांत काम होते.

४. खरेदीपूर्वी तपासायच्या बाबी

• घरगुती आवृत्ती स्वस्त दिसते. पण तिच्या करारात बहुधा व्यावसायिक वापराला परवानगी नसते आणि ती सर्व्हरवर चालेलच असे नाही.
• एकाच पडद्यावर सर्व संगणकांची स्थिती दाखवणारे केंद्रीय कन्सोल हवे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते व लॉग १८० दिवस जपावे लागतात. संगणकागणिक फिरून हे जमणार नाही.
• सर्व परवान्यांची मुदत एकाच दिवशी संपेल असे पाहावे. मुदत संपल्यावर चिन्ह पडद्यावर दिसत राहू शकते, पण नवी अपडेट थांबलेली असतात.
• जुना संगणक मोडीत काढल्यावर परवाना नव्यावर हलवता येतो का, हे लेखी घ्यावे.
• दर विचारताना जीएसटी धरून तीन वर्षांचा एकूण खर्च काढावा. पुण्याच्या सेक्राइट, मुंबईच्या ई-स्कॅन अशा देशी उत्पादनांचे दरही मागवावेत.

सराव : एका प्रयोगशाळेत ३० संगणक आहेत आणि ४ तुकड्यांतील १२० विद्यार्थी ते वापरतात. एका विंडोज सर्व्हरवर २ आभासी मशीन आहेत. दोन्ही पद्धतींनी परवाने मोजा आणि योग्य पद्धत कारणासह निवडा.