विजेची मोटार आणि भरण्याचा वेग

विजेची मोटार स्वस्तात धावते, धूर सोडत नाही. मग अनेकजण अजून पेट्रोललाच का चिकटून आहेत? जादा किंमत हे एक कारण. पण खरी गोम ऊर्जा भरण्याच्या वेगात आहे. गणित करून पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. पंपाच्या नळीतून मिनिटाला ३० लिटर पेट्रोल येते असे धरा. म्हणजे २७० युनिट, अर्थात १६,२०० किलोवॅट! त्यातली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा इंजिन उष्णतेत घालवते (म्हणून तर बॉनेट तापते). तरी ४,००० किलोवॅट उरतात. घरातला १५ अँपिअरचा प्लग देतो जेमतेम ३ किलोवॅट. ३० युनिटची बॅटरी भरायला त्याला १० तास हवेत. बंगल्यात रात्रभर मोटार उभी असते, तेथे हे खपून जाते. पण चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने रस्त्यावरच्या मोटारीपर्यंत वायर सोडायची कशी?