जखमी शत्रूचं काय करायचं?

१५ सप्टेंबर २०११. अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात अपाची हेलिकॉप्टरच्या माऱ्यात गंभीर जखमी झालेला एक तालिबानी शेतात पडला होता. ब्रिटिश रॉयल मरीन्सची गस्त त्याच्यापर्यंत पोचली. जवानांनी त्याची रायफल काढून घेतली, आकाशातल्या टेहळणी कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटावं म्हणून त्याला झाडांच्या आडोशाला ओढत नेलं. तिथं सार्जंट अलेक्झांडर ब्लॅकमननं पिस्तूल काढून त्याच्या छातीत गोळी झाडली. मग त्यानं सोबत्यांना बजावलं की हे बाहेर जाता कामा नये, मी आत्ताच जिनिव्हा करार मोडला आहे. एका मरीनच्या हेल्मेटवरचा कॅमेरा हे सगळं टिपत होता. पुढच्या वर्षी ते चित्रण पोलिसांच्या हाती लागलं आणि २०१३ मध्ये लष्करी न्यायालयानं ब्लॅकमनला खुनाबद्दल दोषी ठरवलं.

त्याच माणसावर थोड्या वेळापूर्वी हेलिकॉप्टरमधून झालेला मारा कायदेशीर होता, ही गोष्ट अनेकांच्या गळी उतरत नाही. हवेतून मारलं तर लढाई आणि जवळून मारलं तर खून, हा कसला न्याय? पण कायदा अंतर मोजत नाही. समोरचा लढू शकतो का, एवढंच तो बघतो. हातात बंदूक घेऊन चालून येणारा माणूस वैध लक्ष्य असतो. तोच माणूस जखमांनी इतका निकामी झाला की त्याला स्वतःचं रक्षणही करता येत नाही, तर त्या क्षणापासून त्याच्यावर हल्ला करायचा नाही. अर्थात पडल्या जागेवरून त्यानं गोळी झाडली किंवा हातबॉम्बची पिन ओढली, तर हे संरक्षण संपतं. जवळ जाताना सावध राहायला, त्याची झडती घ्यायला, त्याला कैद करायला कायद्याची काहीच हरकत नाही.

हा विचार कागदावर आला तो इटलीतल्या एका लढाईनंतर. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोला फ्रान्स आणि सार्डिनियाच्या फौजा ऑस्ट्रियाशी भिडल्या. हजारो जखमी जवळच्या कास्तिल्योने गावात येऊन पडले. चर्च भरलं, घरं भरली, रस्त्यांवर गवत अंथरून माणसं झोपवली. डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. व्यापाराच्या कामासाठी तिकडे गेलेला जिनिव्हाचा आंरी द्युनां मदतीला लागला. गावातल्या बायका फ्रेंच, ऑस्ट्रियन असा भेद न करता पाणी पाजत होत्या, जखमा धूत होत्या. कैद झालेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना जखमींच्या सेवेसाठी मोकळं करावं, यासाठीही द्युनांनं खटपट केली. शत्रूचा डॉक्टर कैदेत बसलेला आणि पलीकडे माणसं उपचारावाचून मरताहेत, यातला वेडेपणा त्याला दिसला. या अनुभवावर त्यानं लिहिलेल्या पुस्तकातून पुढं रेड क्रॉस उभी राहिली, आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कुठल्याही राष्ट्राचा असो, त्याला उचलून आणून उपचार द्यायचे, हे बंधन सरकारांनी पहिल्यांदाच आपणहून स्वीकारलं.

१९४९ च्या करारांनी ते अधिक पक्कं केलं. चकमकीनंतर जखमींचा शोध घेणं आलं, त्यांना लुटीपासून आणि सूडापासून वाचवणं आलं. आणि माझ्या मते सर्वांत कठीण नियमही त्यातच आहे: आधी कुणावर उपचार करायचे हे फक्त जखमेची निकड ठरवेल. डॉक्टरसमोर आपला जवान पाय मोडून पडला आहे आणि शेजारी शत्रूच्या पोटातून रक्त वाहतं आहे, तर शत्रू आधी. त्याच हेल्मंडमध्ये कॅम्प बॅस्टियनच्या लष्करी रुग्णालयात ब्रिटिश जवानांबरोबर जखमी तालिबानींवरही उपचार होत होते. एकाच मोहिमेत, एकाच झेंड्याखाली दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून 'युद्धात असंच चालतं' हे म्हणणं मला मान्य नाही.

जखमी शत्रूच्या यातना पाहून दयेपोटी गोळी घातली तर? कॅनडाच्या कॅप्टन रॉबर्ट सेमरॉवर हाच आरोप होता. २००८ मध्ये, पुन्हा हेल्मंडमध्येच, वाचण्याची आशा नसलेल्या एका तालिबानीला त्यानं गोळी घातली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. खुनाच्या आरोपातून तो सुटला, पण अशोभनीय वर्तनाबद्दल त्याला लष्करातून काढलं गेलं. दयेची सबब कायद्यानं मानली, तर उद्या प्रत्येक जण तीच पुढं करेल.

समोरचा कुठे नियम पाळतो, हा आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न. तो रास्तही आहे. १९९९ मध्ये कारगिलला गस्तीवर गेलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले; परत आले ते मृतदेह, आणि त्यांच्यावर छळाच्या खुणा असल्याचं भारतीय शवविच्छेदनात नोंदलं गेलं. संताप येतोच, आणि यावाही. पण जखमींचं संरक्षण हा देवघेवीचा सौदा नाही. जखमींवर बदला घ्यायला करारात स्पष्ट मनाई आहे. देशांतर्गत संघर्षातल्या बंडखोरालाही, त्यानं कुठल्याच करारावर सही केलेली नसली तरी, चारही करारांत समान असलेलं तिसरं कलम लागू होतं. त्याच्यावर खटला चालवा, शिक्षा करा. आधी जखम बांधा.

ब्लॅकमनला इंग्लंडमध्ये मोठी सहानुभूती मिळाली. २०१७ मध्ये मानसिक अवस्थेचा विचार करून वरच्या न्यायालयानं त्याचा खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला आणि तो लवकरच सुटला. महिनोन्‌महिने मृत्यूच्या छायेत ठेवलेल्या जवानाच्या मनाचं काय होतं, हे त्याच्या वरिष्ठांनी वेळीच बघायला हवं होतं. तरीही त्याच्यावर खटला चालला, याचं मोल मोठं आहे.

आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. करारानं संरक्षण दिलेल्या माणसाला हेतुपुरस्सर ठार मारणाऱ्याला त्यात फाशी किंवा जन्मठेप आहे. शिक्षा कडक, पण न्यायालयानं अशा गुन्ह्याची दखल घ्यायची तर तक्रार सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानंच करायला हवी. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना थेट दार ठोठावता येत नाही. ज्या सरकारच्या सैनिकावर आरोप असेल, त्याच सरकारच्या हाती ही किल्ली आहे. ही तरतूद आता बदलायला हवी.