आरसा घासला की काय जातं?

आजचा विषय शांकरभाष्यातला आहे, पण सुरुवात मोटारसायकलच्या इंजिनापासून करतो. (हशा) हसा, हरकत नाही. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून जे मला नीट कळलं नव्हतं, ते गच्चीवर पॉलिश पेपर घासताना कळलं. म्हणून हा आडमार्ग.

माझ्या धाकट्या भावाची येझदी होती. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथं १९६१ पासून जावा बनत होत्या, १९७३ पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ज्यांनी ही गाडी चालवली त्यांना आठवत असेल, डाव्या बाजूला एकच दांडा. किकही तोच आणि गिअरही तोच. भाऊ गेल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, गाडी पुन्हा उभी करू या. इंजिनाची बाजूची झाकणं तुम्ही चमकवा." मी म्हटलं, ठीक, निवृत्त माणसाला काम मिळालं.

आता ही झाकणं ओतीव ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण शुद्ध ॲल्युमिनियम साच्यात नीट वाहत नाही, म्हणून त्यात सिलिकॉन घालतात. त्यामुळं घासल्यावर येणारी चमक चांदीसारखी पांढरी नसते, किंचित करडी असते. दुसरं, ओतकामाची वरची कातडी घट्ट असते, पण खाली बारीक छिद्रं असू शकतात. जास्त खोल गेलात की ती उघडी पडतात. म्हणजे खोल जाण्यातही विवेक हवा.

कृती सांगतो, कारण बरेच जण घरी करून बघतील. झाकण इंजिनावरून काढूनच घ्यायचं. घासलेला चुरा बेअरिंगमध्ये गेला तर चमकणारं, पण निकामी इंजिन मिळेल. आधी तेल-चिखल धुवा. कॉस्टिक सोडा मात्र लावू नका. तो ॲल्युमिनियमलाच खातो, हायड्रोजन सोडतो आणि झाकण काळं पाडतो. जिथं गॅस्केट बसतं त्या सपाट कडेला पेपर अजिबात लावायचा नाही. ती जरा उंचसखल झाली की ऑइल गळणार.

मग पेपर. १८० नंबरपासून सुरुवात, पुढे ३२०, ४००, ६००, ८००, १०००. चारशेनंतर वॉटर पेपर, पाणी आणि थेंबभर साबण. नियम एकच: प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला आणि आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. मध्ये झाकण धुवा, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण बारीक पेपरखाली येऊन पुन्हा रेघ ओढतो. मी घाई केली. १८० वरून थेट ६०० वर उडी मारली. पेपरखाली सगळं छान दिसत होतं. बफवर धरलं आणि खालचे सगळे ओरखडे आरशात दिसावेत तसे उमटले. पॉलिश दोष झाकत नाही मंडळी, तो दाखवतं.

बफबद्दल इशारा. ६ इंची चाक मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याची कडा ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगानं धावते. वस्तू चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कड वेगाच्या दिशेला पाठमोरी ठेवून धरा. वर धरलेली कड चाकात अडकली तर वस्तू हातातून हिसकून फेकली जाते. चष्मा हवा, मास्क हवा. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे नकोत. लोखंड घासलेल्या मशीनवर ॲल्युमिनियम घासू नका. गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र आली की ठिणगीनं भयंकर पेट घेऊ शकते. मास्कची टिंगल करणाऱ्यांनी स्पिनोझा आठवावा. पोटासाठी भिंगं घासणारा हा तत्त्वज्ञ १६७७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या विकारानं गेला. काचेच्या धुळीनं तो विकार वाढला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता मुद्द्याकडे येऊ. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात आचार्य विचारतात, मोक्ष हा संस्काराचं फळ असू शकतो का? संस्कार दोन प्रकारचा: एक गुणाधान, म्हणजे नसलेला गुण आणून घालणं, दुसरा दोषापनयन, म्हणजे असलेला दोष काढणं. आपल्या भाषेत सांगायचं तर झाकणाला क्रोम किंवा रंग चढवणं हे गुणाधान, घासणं हे दोषापनयन. पूर्वपक्षी म्हणतो, आरसा घासला की त्याचं तेज प्रकट होतं, तसा आत्मा प्रकट होईल. त्या काळचा आरसा धातूचा, हे लक्षात ठेवा. आचार्य उत्तर देतात: क्रिया ज्याच्यावर होते त्याला बदलल्याशिवाय ती होतच नाही. आत्मा बदलला तर तो अनित्य ठरेल. म्हणून हा दृष्टान्त आत्म्याला लागू नाही.

वर्षानुवर्षं हे मी शिकवलं, पण त्यातली धार मला जाणवली नव्हती. आपल्याला वाटतं, घासताना फक्त मळ जातो. नाही. प्रत्येक फटक्याला धातूही जातो. बफखालून निघालेला काळा चिकटा म्हणजे नुसता मळ नव्हे, त्यात झाकणही आहे.

आणि आता चूक सांगतो. झाकणावर एक खोल, तिरकी खरवड होती. १८० नंबरनं मी ती अर्ध्या तासात घालवली आणि खूश झालो. संध्याकाळी पुतण्या आला. झाकण हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, बाबा घाटात पडले होते, त्याची खूण होती ना इथं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी ज्याला दोष म्हटलं, ती त्याची वडिलांची आठवण होती. आणि ती परत आणता येत नाही. भोवतीचा सगळा धातूच मी त्या खोलीपर्यंत उतरवला होता.

तेव्हा दोषापनयनाआधीचा प्रश्न असा: दोष कोणता, आणि हे ठरवणारा कोण? हा प्रश्न पेपर हातात घेण्याआधी विचारायचा असतो. झाकणाला लागू आहे, आणि मुलांवर "संस्कार" करणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही. शिक्षक म्हणून मी किती विद्यार्थ्यांच्या खरवडी घासून टाकल्या असतील, ते मी आता मोजत नाही.

दुसरं झाकण अजून बाकी आहे. त्यावरही दोन-चार ओरखडे आहेत. या वेळी पुतण्याला शेजारी बसवून विचारलं, यातले कोणते ठेवायचे? त्यानं खडूनं दोन ओरखड्यांभोवती गोल केले. तेवढी जागा सोडून मी घासतोय.

प्रश्न असतील तर घेऊ.