इतिहासाला वारस लागतो
लेखमाला : संग्रहालय कशासाठी? (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण बर्लिनमध्ये होतो. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये उभारलेल्या संस्थेचं ग्रंथालय नाझींनी मे १९३३ मध्ये कसं जाळलं, ते पाहिलं. पण समलिंगी माणसांचा इतिहास नष्ट व्हायला दरवेळी होळीच पेटवावी लागते असं नाही. माणूस जातो, नातेवाईक खोली रिकामी करायला येतात, पत्रांचा गठ्ठा हाती लागतो आणि घराण्याच्या अब्रूपायी तो गुपचूप नाहीसा केला जातो. इतर घरांत मुलं-नातवंडं जुने फोटो जपतात, इथे बहुतेकदा जपणारंच कुणी नसतं. अशा वेळी समाजानेच वारस व्हायचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या लोकांनी ते केलं.

एड्सची साथ माणसं ओढून नेत होती, त्याच काळात, १९८५ मध्ये, तिथल्या काही जणांनी इतिहास संस्था काढली. तीच आजची ‘जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटी’. संस्थापक सदस्यांपैकी लू सलिव्हन हे पारलिंगी पुरुष. १९९१ मध्ये एड्सने त्यांचाही बळी घेतला. मात्र लहानपणापासून लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्या संस्थेच्या संग्रहात सुखरूप आहेत. जानेवारी २०११ मध्ये संस्थेने कॅस्ट्रो भागात संग्रहालय उघडलं. समलिंगी हक्कांचे नेते हार्वी मिल्क यांचं कॅमेऱ्याचं दुकान याच वस्तीत होतं. ज्या गल्ल्यांत हा इतिहास घडला, तिथेच तो पाहायला मिळावा, यातच स्थानिक संग्रहालयाचं मोल आहे.

इथल्या दोन पँटसूटांची गोष्ट सांगतो. ते आहेत डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचे. या दोघींनी १९५५ मध्ये इतर सहाजणींसह ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही लेस्बियन स्त्रियांची संघटना सुरू केली. नाव उघड झालं तर नोकरी जायची, म्हणून संघटनेच्या ‘द लॅडर’ या मासिकावर संपादक म्हणून फिलिसने सुरुवातीला ॲन फर्ग्युसन हे टोपणनाव लावलं. फेब्रुवारी २००४ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांच्या सहवासानंतर, दोघींनी नगरभवनात लग्न केलं. काही महिन्यांतच न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं. जून २००८ मध्ये कायदा बाजूने झाल्यावर त्या पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या, आणि अंगावर तेच पँटसूट होते. दोनच महिन्यांत डेल गेल्या. बदलला तो कायदा, या दोघी होत्या तशाच होत्या, हे त्या कपड्यांसमोर उभं राहिलं की पटतं. निकालपत्र वाचून ते असं पटत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कापडाचा एक मोठा तुकडा. गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या साथीदारांनी हाताने रंगवलेले, शिवलेले पहिले सप्तरंगी झेंडे २५ जून १९७८ रोजी शहरात फडकले. आपण सप्तरंगी म्हणतो खरं, पण त्यांत तेव्हा आठ रंग होते. हे मूळ झेंडे कायमचे गेले, असंच सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये बेकर वारले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात त्यातला एक तुकडा निघाला. जाणकारांनी तो तपासून खरा ठरवला आणि २०२१ मध्ये तो या संग्रहालयाकडे आला. सामान आवरणाऱ्याने जुनी चिंधी म्हणून फेकून दिला असता, तर?

सगळ्यात जड ऐवज मात्र कागदाचा आहे. ‘बे एरिया रिपोर्टर’ हे तिथलं समलिंगी समाजाचं वृत्तपत्र. साथीच्या काळात त्यात आठवड्यामागून आठवडे मृत्युलेख छापून येत होते. १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात पहिल्या पानावर मोठा मथळा झळकला, या आठवड्यात एकही मृत्युलेख नाही! असा आठवडा उगवायला सतराहून अधिक वर्षं लागली होती. पुढे स्वयंसेवकांनी हे मृत्युलेख एकेक करून नोंदवले आणि नावानिशी शोधता येतील असे मांडले. घरच्यांनी ज्यांचं नाव टाकलं होतं, अशांचीही नोंद तिथे सापडते.

आपल्याशीही या इतिहासाचा धागा जुळतो. दक्षिण आशियाई समलिंगी मंडळींची ‘त्रिकोण’ ही संघटना १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरात सुरू झाली. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचं नियतकालिक काढलं. पुण्यात २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ उभा राहिला. समलिंगी नायिकेवरचं विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक तर १९८१ मध्येच रंगमंचावर आलं होतं. या सगळ्यांची पत्रकं, अंक, फोटो, नाटकांच्या जाहिराती कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असणारच. ते रद्दीत घालू नका. फोटोमागे नाव, गाव, साल लिहून ठेवा. मात्र माणूस हयात असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय काहीही उघड करू नका. उद्याच्या संग्रहालयाची पायाभरणी यातूनच व्हायची आहे, आणि ती आज आपल्या हातात आहे.

पुढील लेखांकात : बंगळुरूचा ‘कमरा’ हा समलिंगी आणि पारलिंगी समाजाचा संग्रह.