जुन्या मोटारीचा गिअर कुरकुरतो तेव्हा

घरी सेकंडहँड मोटार येते. रंग चकचकीत, सीटकव्हरे नवी, किंमतही बेताची. आठ-पंधरा दिवस गाडी छान चालते आणि एके दिवशी दुसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज येतो. “गिअरबॉक्स गेला, खाली उतरवावा लागेल,” असे कोणीतरी सांगतो आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कारण हे काम मोठ्या खर्चाचे! पण दोष खरोखर गिअरबॉक्समध्येच आहे काय? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला शाळेतले पदार्थविज्ञान बरेच उपयोगी पडते.

गिअर हवेत कशाला?

प्रथम थोडे गणित करू. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे. चाकाचा परिघ १.८ मीटर धरला, तर चाक मिनिटाला सुमारे ३३३ फेरे घेते. इंजिन मात्र गाडी उभी असतानाही मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत असते आणि भरपूर शक्ती देण्यासाठी त्याला काही हजार फेरे घ्यावे लागतात. म्हणजे इंजिनाचा वेग कमी करूनच चाकांना दिला पाहिजे.

हे काम दंतचक्रे करतात. १५ दात्यांच्या चक्राने ४५ दात्यांचे चक्र फिरवले, तर मोठ्या चक्राचा वेग एकतृतीयांश होतो. पण फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट होतो. थोडा भाग घर्षणात जातो. चढावर हलका गिअर का टाकतात, हे आता लक्षात येईल. ऊर्जा फुकट मिळत नाही. वेग देऊन जोर घ्यायचा, एवढाच हा व्यवहार.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. एकमेकींवर घट्ट दाबलेल्या ताटल्यांसारखी त्याची रचना असते. पेडल दाबले की ताटल्या विलग होतात आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो.

पितळी कड्याची करामत

चालत्या बसमध्ये कधीही चढू नये. पण चढणारा माणूस आधी बसच्या बरोबरीने धावतो, हे तुम्ही पाहिले असेल. गिअर बदलतानाही असेच वेग जुळवावे लागतात. पूर्वी हे कौशल्य सर्वस्वी चालकाचे होते. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत ‘सिंक्रोमेश’ ही योजना आली आणि ते काम यंत्राकडे गेले. तिच्यात बहुधा पितळेसारख्या मिश्रधातूचे एक शंकूच्या आकाराचे कडे असते. ते फिरत्या चक्रावर घासते, घर्षणाने दोन्ही भागांचे वेग सारखे होतात आणि मगच दाते गुंततात. वर्षानुवर्षे घासून हे कडे झिजले की वेग जुळत नाहीत, दाते दात्यांवर आपटतात आणि ‘कर्रर्र’ ऐकू येते.

दोष कसा हुडकावा?

पुढील चाचण्या मोकळ्या, सपाट जागी जाणत्या चालकानेच कराव्यात. आपण गाडीत शेजारी बसून कान आणि वही सज्ज ठेवावी.

(१) इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू केल्यावर अडतात? मग क्लच पुरता सुटत नसावा. कदाचित केबलची ओढ जुळवून घेतली तरी काम भागेल.

(२) गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू. घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते? पेडल दाबल्यावर गिअरबॉक्सचा पहिला दांडा थांबतो. म्हणून संशय त्याच्या बेअरिंगवर. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे बेअरिंग तपासावे.

(३) चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही? क्लचप्लेट घसरते आहे. ती झिजली असेल किंवा तिच्यावर तेल आले असेल.

(४) एकाच गिअरला कर्कश आवाज येतो, बाकीचे ठीक? त्या गिअरचे पितळी कडे झिजले असण्याचा संभव मोठा.

(५) गिअर आपोआप निसटतो? हा दोष मात्र क्षणभरही अंगावर काढू नये. घाट उतरताना हलका गिअर टाकतात तो इंजिनाने गाडीला आवर घालावा म्हणून. तो निसटला तर सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

तेलाची साक्ष

मिस्त्रीने गिअरबॉक्सचे तेल काढले, तर ते थंड झाल्यावर त्यातील कणांजवळ लोहचुंबक धरा. चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारे पिवळसर चमकदार कण पितळी कड्याचे. बारीक करडी भुकटी नेहमीच्या झिजेचीही असते. परंतु बोटाला टोचतील असे तुकडे म्हणजे दाते तुटल्याची खूण. तेलाची पातळी उतरली असेल, तर गळती शोधल्यावाचून नुसती भर घालून भागत नाही. आणि भर घालायची ती कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचीच. कारण काही गिअर तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळेला बाधतात.

हे सर्व हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांबद्दल झाले. ऑटोमॅटिक गाड्यांची रचना वेगळी आणि विजेवरच्या बहुतेक मोटारींना तर एकच गिअर पुरतो. मात्र तपासाची रीत सगळीकडे तीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडला ते टिपायचे आणि जे शक्य नाही ते वगळत जायचे. जुनी गाडी घेण्यापूर्वीच या चाचण्या केल्या, तर उत्तमच!

गिअरची सायकल मिळाली, तर पुढच्या-मागच्या चक्रांचे दाते मोजा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फेरे घेईल ते आधी गणिताने काढा आणि मग चाकावर खडूची खूण करून ताडून पाहा.